कोकणातल्या बंदरांचे पुस्तक: संपादनाच्या नोंदी

२ जून
हस्तलिखित आले. चौदा प्रकरणे, चौदा फाइली, एकूण ७८,४०० शब्द. चौल, दाभोळ, राजापूर, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे. काळ मुख्यतः सतरावे-अठरावे शतक. सात प्रकरणे आधी श्रीलिपी या जुन्या फॉन्टप्रणालीत टाइप होऊन नंतर युनिकोडमध्ये फिरवलेली, सात थेट युनिकोडमध्ये. तळटीपा ३१०, छायाचित्रे ५२, नकाशे तीन.

मूळ फाइली आल्या तशा एका फोल्डरमध्ये ठेवून दिल्या. त्यांना पुन्हा हात लावायचा नाही. कामाच्या प्रतीचे नाव प्रकरण, टप्पा, तारीख असे: ‘प्र०५-भाषा-२३०६’. ‘अंतिम’ आणि ‘अंतिम-नवीन’ ही नावे वापरायची नाहीत. तीन माणसे एकाच पुस्तकावर काम करत असली की महिनाभरात ‘अंतिम’ नावाच्या चार फाइली होतात आणि कोणाची दुरुस्ती कुठे राहिली ते कळत नाही.

३ जून
प्रकाशकांना दोन गोष्टी हव्या होत्या: खर्चाचा अंदाज आणि संपादकाचा परिचय.

अंदाजासाठी पहिले प्रकरण घेतले नाही. पहिले प्रकरण लेखकाने दहा वेळा घासलेले असते, त्यावरून पुस्तकाची खरी अवस्था समजत नाही. प्रकरण ४, ८ आणि १२ मधली प्रत्येकी सातशे शब्दांची तीन मधली पाने घेऊन प्रत्यक्ष संपादन केले आणि वेळ मोजला. प्रकरण ४ ला पन्नास मिनिटे, ८ ला दीड तास, १२ ला पाऊण तास. प्रकरण ८ मध्ये मराठी मजकुराखाली इंग्रजी वाक्यरचना दिसते, त्यामुळे तिथे वेळ जाणार. अंदाज या तिन्हींच्या सरासरीवर दिला.

परिचयात ‘दीर्घ अनुभव’, ‘भाषेवर प्रभुत्व’ अशी विशेषणे घातली नाहीत, त्यांवरून प्रकाशकाला काहीच ठरवता येत नाही. लिहिले ते असे: कोणते टप्पे करतो (रचनेचे वाचन, भाषासंपादन, तथ्यतपासणी, प्रूफ, सूची), कोणते करत नाही (पुनर्लेखन, अनुवाद, मांडणी), ऐतिहासिक मजकुरात कोणत्या कालगणना हाताळता येतात, मोडी वाचता येते का, आणि सोबत आजच्याच नमुन्यातले एक पान, आधीचे व नंतरचे शेजारी-शेजारी. काम जमेल की नाही हे त्या एका पानावरून दोघांनाही कळते.

करारात तीन गोष्टी स्पष्ट: किती फेऱ्या (भाषा एक, प्रूफ दोन), लेखिकेच्या उत्तरांसाठी किती दिवस (दहा), आणि मजकूर दहा टक्क्यांहून जास्त वाढला तर नवा अंदाज. पैसे ३०-४०-३० अशा तीन हप्त्यांत.

५ जून
फाइलींची साफसफाई. भाषेला हात लावायच्या आधीच ही करावी लागते, नाहीतर तीच चूक शंभर ठिकाणी हाताने काढत बसावे लागते.

फिरवलेल्या सात प्रकरणांत ठरावीक मोडतोड आहे. ‘आर्थिक’चे ‘आथिर्क’, ‘धार्मिक’चे ‘धामिर्क’, ‘शक्ति’चे ‘शिक्त’. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर येतो. युनिकोडमध्ये क्रम वेगळा. रूपांतर करणारा प्रोग्राम साधी अक्षरे बरोबर उलटवतो, जोडाक्षर किंवा रफार आला की गडबडतो. म्हणून ‘िर्’ हा क्रम शोधला. मराठीत वेलांटीनंतर लगेच रफार येणारे शब्द खरेच आहेत (‘निर्णय’, ‘निर्यात’), त्यामुळे सगळे एकदम न बदलता एकेक पाहून बदलले. २१४ जागा.

दुसरा गट ‘ध्द’चा: प्रसिध्द, युध्द, शुध्द. हा मात्र डोळे मिटून ‘द्ध’ करता येतो, मराठीत ‘ध्द’ने बनणारा शब्द नाही.

६ जून
दिसायला सारख्या पण आतून वेगळ्या अक्षरांचा दिवस.

‘ॲडमिरल’मधला ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप झाला आहे: कुठे एकच अक्षर, कुठे ‘अ’वर चंद्र. डोळ्यांना फरक दिसत नाही, शोधाला दिसतो. ‘किनाऱ्यावर’मधला अर्धा र तसाच: कुठे नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, कुठे साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडक देऊन. अदृश्य जोडक फाइल एका प्रोग्राममधून दुसऱ्यात नेताना गळून पडते आणि ‘किनार्यावर’ उरते. सगळीकडे नुक्त्याचा ऱ केला.

विसर्गाच्या जागी कोलन: ‘दु:ख’, ‘अंत:करण’, ‘नि:शस्त्र’. ९७ ठिकाणी. कोलन हे विरामचिन्ह असल्याने संगणक तिथे शब्द संपला असे धरतो. शब्दतपासणी दोन तुकडे वाचते आणि सूचीही चुकते. ज्या कोलनच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा न सोडता देवनागरी अक्षरे आहेत, ते सगळे विसर्ग केले. वेळा (‘सकाळी ८:३०’) अंकांमध्ये असतात म्हणून सुटल्या.

‘महत्व’चे ‘महत्त्व’, ‘तत्व’चे ‘तत्त्व’, ‘सत्व’चे ‘सत्त्व’ हे पूर्ण शब्द धरूनच बदलले. नुसते ‘त्व’ शोधून ‘त्त्व’ केले की ‘नेतृत्त्व’, ‘दायित्त्व’, ‘कर्तृत्त्व’ तयार होतात, आणि मग त्या चुका संपादकाने घातलेल्या असतात. घाईत केलेल्या ‘सगळे बदला’ या एका बटणाने जेवढे नुकसान होते तेवढे वाईट टायपिंगने होत नाही.

९ ते १२ जून
पहिले वाचन. छापून, फाइलीला हात न लावता, समासात फक्त पेन्सिलच्या खुणा: ‘?’ म्हणजे समजले नाही, ‘२’ म्हणजे आधी आले आहे, उभी रेघ म्हणजे रेंगाळते. या टप्प्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला लागले की पुस्तकाची रचना दिसेनाशी होते. अशा सुधारलेल्या पानांतली बरीचशी पुढे कापली जातात.

१३ जून
लेखिकेला रचनेचे पत्र, दोन पाने. मुख्य मुद्दा एकच. १७५५-५६ ची, विजयदुर्गाचे आरमारी सरदार तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्धची पेशवे-इंग्रज मोहीम दोनदा पूर्ण सांगितली गेली आहे: प्रकरण ६ (विजयदुर्ग) मध्ये ३,४०० शब्द, प्रकरण ९ (आंग्र्यांचे आरमार) मध्ये ४,१०० शब्द. सुचवले असे की मोहीम ९ मध्येच राहावी आणि ६ मध्ये मोहिमेनंतर बंदराच्या व्यापाराचे काय झाले तेवढे ६०० शब्दांत यावे. लेखिकेचा सगळ्यात चांगला मजकूर तिथेच आहे, जकात, खारवा (खलाशी), गोदीतली माणसे, आणि आत्ता तो लढाईखाली दबला आहे.

पत्रात ‘कंटाळवाणे आहे’ असे कुठेही नाही. कोणत्या पानावर वाचक काय विसरतो, ते पान क्रमांकासह.

१७ जून
लेखिकेचा होकार. ६०० शब्दांचा नवा मजकूर त्या स्वतः लिहिणार. पुस्तक आता ७५,६०० शब्दांच्या आसपास.

१९ जून
स्टाइलशीट. पुस्तकातला प्रत्येक निर्णय एकदाच घ्यायचा आणि इथे लिहायचा. चार पाने झाली. त्यातले महत्त्वाचे:

शुद्धलेखन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये जोडलेले चार. निवेदनात ‘केले, असे, म्हटले’. ‘केलं, असं’ फक्त मुलाखतींतल्या बोलण्यात. नाखव्यांच्या (नावेच्या प्रमुखांच्या) पाच मुलाखती मालवणीमिश्रित आहेत, त्या प्रमाण मराठीत आणायच्या नाहीत. अवघड शब्दांचा अर्थ तळटीपेत.

ग्रामनामांतले ‘पूर’ दीर्घ. ‘राजापूरला, राजापूरचा, राजापूरहून’, पण ‘राजापुरात’. वेंगुर्ले, वेंगुर्ल्यात. रेवदंडा, रेवदंड्यात. आडनाव आंग्रे, सामान्यरूप आंग्र्यांचे. हस्तलिखितात ‘आंगऱ्यांचे’ही आहे, ते फक्त जुन्या उताऱ्यांत राहील.

उताऱ्यांबाबतचा नियम या पुस्तकात रोज लागणार. महामंडळाचा नियम सांगतो की विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या आधीचे गद्य मुळाबरहुकूम छापावे आणि त्यांच्यापासून पुढचे, त्यांच्यासह, चालू नियमांनी. तेव्हा पेशवेकालीन पत्रे आणि लोकहितवादींचा उतारा जसेच्या तसे, त्यांतले अनुस्वार आणि जुनी रूपे राखून. ‘केसरी’तला उतारा आजच्या शुद्धलेखनात. उताऱ्याच्या परिच्छेदांना वेगळी स्टाइल दिली, म्हणजे शुद्धलेखनाचे शोध चालवताना ते वगळता येतील. मागे कोणीतरी पेशवाईतल्या एका पत्रात ‘करोन’चे ‘करून’ केलेले सापडले, ते मुळावर ताडून परत फिरवले.

अंक देवनागरी. ‘इ.स. १७५६’ आणि ‘१२ मैल’ यांत न तुटणारी मोकळी जागा, नाहीतर आकडा एका ओळीत आणि मैल दुसऱ्या ओळीत जातो.

२३ जून
भाषासंपादन सुरू. रोज ३,४०० शब्दांच्या आसपास, दिवसाला पाच तासांहून जास्त नाही. सहाव्या तासाला डोळा शब्दाऐवजी अर्थ वाचू लागतो आणि चुका निसटतात. सगळे बदल ट्रॅक चेंजेसमध्ये (प्रत्येक बदल फाइलीत रंगीत खुणेने दाखवणारी सोय), फक्त मोकळ्या जागा आणि विरामचिन्हांची साफसफाई न दाखवता. ती दाखवली तर पान लाल होते आणि खरा बदल लेखकाला सापडत नाही.

३० जून
प्रकरण ८. इथे इंग्रजी साधनांमधून मजकूर उचलताना वाक्येही तशीच आली आहेत. नमुना:

‘पोर्तुगीजांद्वारे बांधण्यात आलेली ही वखार, जी खाडीच्या मुखाशी स्थित होती, तिचा वापर मसाल्यांच्या साठवणुकीसाठी केला जात असे.’

बदल: ‘खाडीच्या तोंडाशी पोर्तुगिजांनी वखार बांधली होती. तिथे मसाले साठवत.’

‘द्वारे’, ‘स्थित’, ‘केला जात असे’ आणि ‘जी... तिचा’ हे चार सांधे काढले की मराठी आपोआप उभी राहते. सतरा शब्दांचे काम दहाच्या आत झाले. पण प्रत्येक ‘जो-तो’ वाक्य इंग्रजी नसते. ‘ज्याच्या हाती बारा, त्याच्या हाती बंदर’ हे वाक्य लेखिकेने एका नाखव्याकडून घेतले आहे, ते अस्सल मराठी आहे आणि तसेच राहील. ‘बारा’ म्हणजे खाडीचे मुख, ही तळटीप घातली.

२ जुलै
सर्वांत मोठी दुरुस्ती आज सापडली. फिरवलेल्या प्रकरणांत ‘जहाज’ हा शब्द फारच येतो: ‘आंग्र्यांची जहाजे वल्ही मारत आली’, ‘तीन डोलकाठ्यांचे जहाज’, ‘जहाज खाडीत ओढून घेतले’. मूळ फाइली उघडल्या तेव्हा कळले की लेखिकेने ‘गुराब’, ‘गलबत’, ‘मचवा’, ‘पडाव’ असे वेगवेगळे शब्द लिहिले होते आणि मधल्या कोणीतरी वाचकांच्या सोयीसाठी सरसकट ‘जहाज’ केले होते. ६३ जागा.

या शब्दांत फरक आहे आणि युद्धाचे वर्णन त्या फरकावरच चालते. गुराब मोठी, दोन-तीन डोलकाठ्यांची, पुढच्या टोकावरून तोफा चालवणारी. गलबत लहान, शिडावर आणि वल्ह्यांवरही चालणारे. वारा पडला की गलबते गुराबांना दोर लावून ओढत नेत. वारा पडलेला असताना आंग्र्यांचे आरमार का भारी पडे याचे कारण इथेच आहे. सगळे ‘जहाज’ झाले की वाचकाला ते कळायची वाटच बंद होते.

उलट बदल शोध-बदलाने करता येत नाही, कारण एका ‘जहाजा’मागे चार शब्द आहेत. मूळ आणि कामाची फाइल शेजारी ठेवून एकेक जागा. त्यातच लिंगही बदलते: गुराब स्त्रीलिंगी, मचवा पुल्लिंगी, गलबत नपुंसक. ‘ते जहाज बुडाले’ची ‘ती गुराब बुडाली’ होते, म्हणजे क्रियापद, विशेषण आणि पुढच्या वाक्यातले सर्वनामही तपासायचे. पूर्ण दिवस गेला. इंग्रज, पोर्तुगीज यांच्या मोठ्या नौकांसाठी ‘जहाज’ लेखिकेने स्वतःच वापरले आहे, ते राहिले.

८ जुलै
तारखा. एकूण १८६ तारखा तक्त्यात उतरवल्या: प्रकरण, पान, साधनातली मिती, पुस्तकातली इसवी तारीख.

शके ते इसवी करताना सगळीकडे ७८ मिळवले आहेत. चैत्रापासून ते चालते: सिंधुदुर्गाचा पाया शके १५८६ च्या मार्गशीर्षात, १६६४, बरोबर. पण जानेवारी लागला की ७९ मिळवायचे. शिवजन्माची मिती फाल्गुन वद्य ३, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येते, खरे वर्ष १६३०. माघ-फाल्गुनाच्या सगळ्या मित्या ७९ ने पुन्हा काढल्या. मार्गशीर्षाचा शेवट आणि पौष या मित्या जंत्री (मिती आणि इसवी तारखांचे कोष्टक) पाहूनच. अकरा तारखा एका वर्षाने चुकलेल्या निघाल्या.

त्याहून मोठी चूक एका पत्रात. पत्रावर ‘सीत खमसैन मया व अलफ’, म्हणजे सहा, पन्नास, शंभर, हजार: ११५६. लेखिकेने हे हिजरी समजून १७४३ लिहिले आणि पत्र बारा वर्षे आधीच्या प्रसंगाला जोडले. मराठी दप्तरातले हे अरबी अंकशब्द हिजरीचे नसून सुहूर सन या वेगळ्या कालगणनेचे असतात. सुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीच्या सुमारास बदलतो. जून ते डिसेंबर ५९९ आणि जानेवारी ते मे ६०० मिळवायचे. ११५६ म्हणजे १७५५-५६. पत्र तुळाजीवरच्या मोहिमेचेच आहे आणि प्रकरण ९ मध्ये जिथे पुरावा कमी पडत होता तिथे नेमके बसते.

इंग्रज वखारींच्या पत्रांत आणखी एक खाच आहे. इंग्रजांचे वर्ष १७५१ पर्यंत २५ मार्चला सुरू होई. त्यामुळे १५ फेब्रुवारी १६७३ अशी तारीख असलेले पत्र आपल्या हिशेबाने १६७४ चे. शिवाय त्यांचे पंचांग जुने (ज्युलियन), पोर्तुगिजांचे १५८२ पासून नवे (ग्रेगोरियन); सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचे अंतर. एकाच घटनेबद्दल इंग्रजी व पोर्तुगीज साधनांत दहा दिवसांचा फरक दिसला तर तो वाद नाही. प्रकरण ३ मध्ये लेखिकेने या फरकावर दीड पान चर्चा केली होती. कॉमेंट टाकली, काढायचे की तीन ओळींची टीप करायची ते त्या ठरवतील.

११ जुलै
स्थलनामे. घेरिया आणि विजयदुर्ग हे प्रकरण ८ मध्ये दोन वेगळे किल्ले झाले आहेत. इंग्रजी कागदांतले घेरिया म्हणजे विजयदुर्गच. शेजारच्या गिर्ये गावावरून ते नाव पडले. तसेच ‘सेव्हर्नड्रूग’ म्हणजे सुवर्णदुर्ग, ‘बँकूट’ म्हणजे बाणकोट, ‘दाबुल’ म्हणजे दाभोळ. पुस्तकात मराठी नाव, उताऱ्यात मूळ नाव आणि पहिल्या वेळी तळटीप.

प्रश्न विचारायची पद्धत या पुस्तकात अशी ठेवली आहे: काय लिहिले आहे, काय खटकते, कोणते दोन पर्याय. नमुना:

‘मॅडम, प्रकरण ५ मध्ये विजयदुर्गाचा पाडाव फेब्रुवारी १७५६, प्रकरण ८ मध्ये १७५५. सुवर्णदुर्ग १७५५ च्या एप्रिलमध्ये पडला. प्रकरण ८ मध्ये आपल्याला (अ) सुवर्णदुर्ग म्हणायचे आहे की (ब) विजयदुर्गच, वर्ष १७५६ करू?’

‘कृपया तपासावे’ एवढेच लिहिले की लेखक ‘तपासले’ म्हणून परत पाठवतो आणि चूक जागीच राहते.

‘आंग्रे’ हा शब्द नावाशिवाय ११८ वेळा. कान्होजी १७२९ मध्ये वारले. त्यानंतर सेखोजी, संभाजी, मानाजी, तुळाजी. प्रत्येक ठिकाणी कोणते आंग्रे ते लिहिले. नऊ जागा ठरवता आल्या नाहीत, त्या प्रश्नयादीत.

१६ जुलै
परवानग्या. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. अनुवादाचा हक्क वेगळा: मूळ सतराव्या शतकातले, पण मराठी अनुवाद अलीकडचा असेल तर अनुवादकाची किंवा प्रकाशकाची परवानगी लागते. असे चार लांब उतारे आहेत. १८८० चे रत्नागिरी आणि १८८३ चे कुलाबा गॅझेटिअर मोकळे आहेत. छायाचित्रांपैकी सतराचा मालक लिहिलेलाच नाही. मालक ठरेपर्यंत ती मांडणीत जाणार नाहीत.

२२ जुलै
भाषासंपादन पूर्ण. बावीस दिवस.

२४ जुलै
प्रश्नयादी पाठवली: ७४ प्रश्न, तीन गटांत. उत्तराशिवाय पुढे जाता येणार नाही असे १९, ‘मी असे केले आहे, हरकत असेल तरच कळवा’ असे ४१, बाकी सूचना. सगळे एकाच ढिगात टाकले की लेखक सोप्यांपासून सुरू करतो आणि तारखांपर्यंत पोचेस्तोवर थकतो.

४ ऑगस्ट
उत्तरे आली. १९ पैकी १८ सुटले. पंचांगाचा दीड पानांचा वाद लेखिकेने स्वतः काढला आणि टीप लिहिली. ३० जूनच्या नोंदीतल्या वाक्यात त्यांनी ‘मसाले’ खोडून ‘मिरी’ केले. साधनात मिरीच आहे. लेखकाला उत्तरे द्यायला पुरेसे दिवस मिळाले की अशा दुरुस्त्या येतात, संपादकाला त्या सुचणे शक्य नसते.

११ ऑगस्ट
मजकूर डीटीपीला, म्हणजे संगणकावर पाने लावायला. सोबत स्टाइलशीट, चित्रांची यादी (क्रमांक, चित्राखालची ओळ, जागा, मालक) आणि एक पानाची सूचना: डेमी आकार, मजकूर १३ पॉइंट; इनडिझाइन या मांडणीच्या प्रोग्राममध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर जाते; भाषा मराठी ठेवणे, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात; शब्दतोड बंद.

गणपती २७ तारखेला. ऑपरेटर आठ दिवस गावी असतो हे वेळापत्रकात आधीच धरले होते.

२१ ऑगस्ट
पहिले प्रूफ. दोघांनी मिळून: एक जण संपादित प्रतीवरून मोठ्याने वाचतो, विरामचिन्हांसह, दुसरा प्रूफवर डोळा ठेवतो. एकट्याने वाचताना मन गाळलेला शब्द भरून घेते. तासाला आठ-नऊ पाने. लाल खूण डीटीपीच्या चुकीला, निळी लेखिका-संपादकाच्या बदलाला, कारण निळ्याचे पैसे वेगळे लागतात आणि नंतर वाद नको.

सापडले: प्रकरण ७ च्या शीर्षओळीत प्रकरण ६ चे नाव, चित्र २२ आणि २३ च्या ओळींची अदलाबदल, उताऱ्यांमधला तिरपा ठसा दोन प्रकरणांत गायब. नकाशात ‘वेंगुर्ला’, मजकुरात ‘वेंगुर्ले’. नकाशातली अक्षरे चित्राचा भाग असतात, शोधात येत नाहीत, म्हणून नकाशे नेहमी बोट ठेवून नावानिशी वाचायचे.

४ सप्टेंबर
दुसरे प्रूफ. आधी फक्त लाल-निळ्या खुणा झाल्या का ते पाहिले, मग प्रत्येक खुणेच्या वरच्या-खालच्या तीन ओळी. दुरुस्तीने ओळी सरकतात आणि नवी चूक नेमकी तिथेच होते.

पाने २९१ झाली. छपाई सोळा पानांच्या फॉर्ममध्ये (एकत्र छापून घडी घातलेला पानांचा गठ्ठा): २८८ म्हणजे अठरा फॉर्म. तीन पानांसाठी आठ पानांचा अर्धा फॉर्म घेतला तर पाच पाने कोरी. फॉन्ट लहान करणे हा सोपा मार्ग आहे आणि वाईट आहे. प्रकरणांची शेवटची पाने पाहिली: प्रकरण २, ५ आणि ११ यांच्या शेवटच्या पानांवर अनुक्रमे तीन, दोन आणि चार ओळीच. त्या प्रकरणांत परिच्छेदाची शेवटची ओळ एका शब्दाची आहे अशा जागा शोधल्या. त्या परिच्छेदात एखादा शब्द कमी केला की पूर्ण ओळ वाचते. ‘त्यावेळच्या काळात’चे ‘त्या काळात’, ‘या ठिकाणी’चे ‘इथे’. नऊ ओळींसाठी बारा शब्द गेले, अर्थ कुठेही हलला नाही. पाने २८८, पुढच्या मजकुराची बारा आणि सूचीसाठी ठेवलेली दहा धरून.

९ सप्टेंबर
सूची. पाने पक्की झाल्यावरच. आधी केली तर दोनदा करावी लागते. नोंदी ६४०, नामे आणि विषय एकत्र. ‘आंग्रे, कान्होजी’ असे आडनाव आधी. ‘घेरिया: पाहा विजयदुर्ग’.

संगणकाने लावलेला अकारविल्हे क्रम मराठी नाही. तो ‘ळ’ला ‘ल’नंतर लगेच ठेवतो, आपल्याकडे तो ‘ह’नंतर, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना ‘क’ आणि ‘ज’मध्ये घालतो, आणि ‘ॲ’ थेट ‘ह’च्याही पुढे फेकतो, त्यामुळे सगळे ॲडमिरल सूचीच्या शेवटी गेले होते. हाताने लावले. नंतर उलटी तपासणी: दर दहावी नोंद घेऊन त्या पानावर तो शब्द आहे का. ६४ पैकी दोन चुकीच्या, दोन्ही प्रकरण ११ मध्ये, जिथे ओळी मागे ओढल्या होत्या. प्रकरण ११ च्या सगळ्या नोंदी पुन्हा पाहिल्या.

१२ सप्टेंबर
श्रेयपान आणि मलपृष्ठ. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून आलेला आहे. अंक बरोबर उतरला का ते हाताने तपासले: तेरा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज, तिला दहाने भाग गेला पाहिजे. श्रेयपान, मलपृष्ठ आणि बारकोडखालचा, तिन्ही जागी तोच क्रमांक.

मलपृष्ठाचा मजकूर ११० शब्द. पहिल्या मसुद्यात ‘सखोल’, ‘मौलिक’, ‘वाचकांना खिळवून ठेवणारे’ होते. त्याऐवजी गलबते गुराबांना दोर लावून ओढतात ते दृश्य घेतले आणि पुस्तकात कोणती बंदरे, कोणता काळ, किती नकाशे ते सांगितले.

१८ सप्टेंबर
छपाईची पीडीएफ. सगळे फॉन्ट आत बसलेले; मजकूर नुसत्या काळ्या शाईत, चार रंगांच्या काळ्यात नाही, नाहीतर थोडे रंग सरकले तरी मात्रा आणि अनुस्वार दुहेरी दिसतात; चित्रे छापायच्या आकारात ३०० डीपीआय; मुखपृष्ठाला कडेने ३ मिलिमीटर जादा. सगळी पाने एकदा नुसती चाळली, वाचली नाहीत: पान क्रमांक, शीर्षओळ, चित्राची ओळ.

२६ सप्टेंबर
प्रेसमधून घडी घातलेले अठरा फॉर्म आले, बांधणीच्या आधी. क्रम बरोबर, फॉर्म ११ मधल्या एका पानाचा छाप फिकट, प्रेसला दाखवून तो फॉर्म बदलून घेतला.

३ ऑक्टोबर
पुस्तक हाती. प्रकाशकाला आठवण: १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशनापासून तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि इतर तीन ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत्येकी एक प्रत. स्टाइलशीट, तारखांचा तक्ता आणि न सुटलेला एक प्रश्न एकत्र करून लेखिका व प्रकाशक दोघांनाही पाठवले.

दुसऱ्या आवृत्तीची फाइल उघडली. त्यातल्या पहिल्या दोन नोंदी: पृ. १४३, ओळ ७, ‘मचवा’चे सामान्यरूप ‘मचवाला’ राहून गेले, ‘मचव्याला’ करणे, पृ. २०६, तळटीप ४, अठराव्या प्रश्नाचे उत्तर आले तेव्हा बदललेला पत्राचा क्रमांक सूचीत जुनाच आहे.